कोकिळाच्या जागी

भाताची कापणी उरकली आणि दुसऱ्याच दिवशी कोकिळा विहिरीच्या कट्ट्यावर घसरून पडली. कापणीत विळ्यानं बोट कापलं नाही, बांधावरून पाय सरकला नाही, आणि सगळं आटोपल्यावर, हातात नुसती रिकामी कळशी असताना शेवाळावर पाय गेला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मुरूडच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. हात गळ्यात अडकवून घरी आल्या आल्या ती नवऱ्याला म्हणाली, "आता माझ्या क्लासचं काय?"

कसला क्लास ते दिनानाथच्या लगेच ध्यानात येईना. बचत गटानं शिबोरी शिकवायचं ठरवलं होतं. कापड बांधून, शिवून, घड्या घालून निळीत बुडवायची जपानी रीत. दोरा जिथं घट्ट बसतो तिथं रंग शिरत नाही, तेवढा भाग पांढरा राहतो आणि त्याचीच नक्षी होते. अशा कापडाचे पडदे, उशांचे अभ्रे, पलंगपोस काशीदच्या होमस्टेवाल्यांना हवे असतात, असं गटाची अध्यक्ष क्रांती सगळ्यांना सांगत फिरली होती. कोकिळानं सगळ्यांत आधी नाव दिलं होतं.

संध्याकाळी क्रांती बघायला आली. हात बघून झाला, चहा झाला, तरी ती उठेना.

"काकी, तुमचं नाव गेलं तर एक माणूस कमी पडतो हो," ती शेवटी म्हणाली. "मग शिकवणारी बाई येणार न्हाय म्हणतात."

"नाव कशाला जातंय?" कोकिळा म्हणाली. "हे येतील माझ्या जागी."

दिनानाथ ओटीवर पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली घेतला. "कोण?"

"तुमी. दुसरं कोण हाय घरात?"

"बायकांच्यात?"

"जन्मभर बोटीवर बायकाच चढवल्या-उतरवल्यात ना? मग आताच कशाला लाज वाटाय लागली?"

ते खरं होतं. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर दिनानाथ खलाशी होता. बोट धक्क्याला लागली की दोर फेकायचा, खुंट्याला वेढे द्यायचे, गाड्या मागंपुढं घ्यायला लावायच्या, पोरंबाळं घेऊन उतरणाऱ्या बायांना हात द्यायचा. गुडघ्यांनी दगा दिला तसं ते काम सुटलं. तेव्हापासून तो घरीच होता, आणि घरात त्याला करण्यासारखं काही नव्हतं. शेत, गोठा, दोन मुलींची लग्नं, सगळं कोकिळानं तो बोटीवर असतानाच बसवून टाकलं होतं. तो कशाला हात लावायला गेला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, मी करते." तसा तो ओटीवर बसायला शिकला होता.

"तुमी तिकडं शिका, घरी येऊन मला शिकवा," कोकिळा म्हणाली. "माझा हात सुटेपर्यंत. पुढं मी बघते."

वर्ग शाळेच्या जुन्या खोलीत भरायचा. शिकवायला अलिबागहून पूनम नावाची मुलगी आली होती. बारीक चणीची, नखांच्या कडा कायमच्या निळ्या झालेल्या. दिनानाथ चप्पल काढून दारातच घुटमळला, तेव्हा आतली कुजबुज थांबली. त्याच्या दोन भावजया आत होत्या, त्यांनी डोक्यावर पदर घेतले. पूनमला यातलं काहीच माहीत नव्हतं. "या ना काका, इथं बसा," म्हणून तिनं त्याला खिडकीजवळ जागा दिली, आणि मांजरपाटाचा एक तुकडा, सुतळीपेक्षा बारीक पण चिवट दोरा आणि मूठभर वाल पुढ्यात ठेवले. वालाचा दाणा कापडाखाली धरायचा, वरून दोरा गुंडाळायचा. तेवढ्या जागी पांढरं वर्तुळ उमटणार.

दोर बांधण्यात दिनानाथचा जन्म गेला होता. हे काय अवघड, असं मनात म्हणून त्यानं तुकडा पुरा केला. बाकीच्या बाया अजून दुसऱ्या-तिसऱ्या दाण्यावर होत्या. त्याच्या गाठी बघून क्रांती म्हणाली, "दिनाकाका तर मास्तर निघाले की!"

संध्याकाळी कापडं निळीतून निघाली, धुतली आणि सोडायची वेळ आली. सगळ्यांचे दोरे एक टोक ओढलं की सरसर सुटत होते. दिनानाथच्या गाठी नखानं सुटेनात, दातानं सुटेनात. शेवटी पूनमनं कात्री आणली, आणि दोऱ्याबरोबर कापडही कापलं. वर्तुळाच्या मधोमध भोकं. एका भावजयीला हसू आवरेना, मग सगळी खोलीच हसली. दिनानाथही हसला, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"काका, इथं गाठ मारायचीच नाही," पूनम म्हणाली. "नुसते वेढे. शेवटच्या वेढ्याखालून टोक काढायचं आणि ओढून धरायचं. बस."

"आणि सुटला तर?"

"नाही सुटत. वेढेच एकमेकांना धरून ठेवतात."

घरी गेल्यावर कोकिळानं ते भोकाभोकाचं कापड उजेडात धरलं.

"हे शिकून आलात?"

"उद्या नीट येईल."

"वेढे किती द्यायचे? खालून वर का वरून खाली? दाणा उभा का आडवा?"

त्यातलं त्याला काहीही सांगता आलं नाही. हातांनी केलं होतं, डोक्यात शिरलंच नव्हतं. कोकिळा चिडली. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात पूनमला एकेक गोष्ट विचारायला लागला. इतक्या शंका की बायाच म्हणायला लागल्या, काका सासरी नांदायला आल्यासारखं जपून वागतात. पण घरी जाऊन जाब द्यायचाय हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ओटीवर दोघं बसायची. ती डाव्या हातानं कापड ताणून धरायची, तो बांधायचा, आणि ती बघत बघत बोलायची. "सैल झालं." "आता घट्ट झालं." "हे दोन लांब लांब गेले बघा." इतकी वर्षं संसार झाला, पण असं एका कामावर दोघांनी बसणं त्यांच्या वाट्याला फार थोडं आलं होतं. तो बोटीवर असायचा, ती शेतात.

निळीचं पिंप शाळेच्या मागल्या पडवीत होतं. नीळ, चुना आणि गूळ, असं त्यात मुरत ठेवलेलं. वर तांब्यासारखी चमकणारी साय आणि खाली हिरवट-पिवळं पाणी. पहिल्यांदा कापड बाहेर निघालं ते हिरवं. दिनानाथला वाटलं, बिघडलं. तेवढ्यात वारा लागला आणि डोळ्यांदेखत कडेपासून आत आत ते निळं होत गेलं. तो पुन्हा पुन्हा बुडवून ते बघत राहिला. पूनमनं दोनदा सांगितलं, काका, पुरे. त्यानं ऐकलं नाही. त्याचं कापड सगळ्यांत गडद झालं.

पुढच्या आठवड्यात पूनमनं पाण्याच्या पाइपवर कापड गुंडाळायला शिकवलं. जाड पीव्हीसी पाइपभोवती कापड तिरकं लपेटायचं, वरून दोऱ्याचे जवळजवळ वेढे द्यायचे आणि दोन्ही हातांनी रेटून कापड पाइपच्या एका टोकाला चुण्याचुण्यांनी गोळा करायचं. रंगवून सोडलं की तिरक्या बारीक रेषाच रेषा निघतात, वाऱ्यानं झोडपलेल्या पावसासारख्या. जपानी भाषेत याचं नाव वादळ असं आहे, पूनमनं सांगितलं. बायांचे हात रेटताना दुखायचे. दिनानाथला ते दोराचं काम वाटलं. वेढ्यांवर वेढे, एकसारखा ताण, घाई नाही. त्यानं केलेल्या कापडाच्या रेषा पूनमनं अलिबागला कुणाला तरी फोटो काढून पाठवल्या. त्या दिवशी तो शाळेतून घरी आला तो वाटेत कुणाशी न बोलता, पण पावलं झपझप पडत होती. ते कापड कोकिळापुढं पसरून तो ती काय म्हणते याची वाट बघत उभा राहिला.

"झकास झालंय," ती म्हणाली. बराच वेळ रेषांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझा हात कधी सुटतोय कोण जाणे."

हात सुटला तो वर्ग संपायला थोडे दिवस उरले असताना. प्लास्टर काढल्यावर मनगट वाळक्या लाकडासारखं दिसत होतं. बोटं वळायची, पण जोर नव्हता. डॉक्टर म्हणाले, वापरा, हळूहळू येईल. दुसऱ्या दिवशी कोकिळानं केस बांधले, चप्पल घातली आणि ती शाळेकडं निघाली.

"मी येऊ?" दिनानाथनं विचारलं.

"तुमचं काय काम हाय आता?"

तिनं ते सहज म्हटलं. पण दिनानाथ ओटीवर बसला आणि त्याला बसवेना. पेपर वाचून झाला. गोठ्यात जाऊन आला. आत्ता पूनमनं पिंपात काठी फिरवली असेल, आत्ता बाया कापडं भिजवत असतील, असं त्याच्या मनात येत राहिलं. बोटीवरचं काम सुटलं तेव्हा त्याला इतकं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा गुडघे दुखत होते, सुटका वाटली होती. आता कुठंच काही दुखत नव्हतं.

वर्गाच्या शेवटी बायांनी केलेलं सगळं काम मांडायचं ठरलं होतं. काशीदचा प्रज्योत, ज्याचं तिथं नवं होमस्टे होतं, पडदे बघायला येणार होता. कोकिळानं त्यासाठी एक मोठा पडदा धरला होता, सगळा दाण्यांच्या वर्तुळांचा. घरी आणून ती तो ओटीवर बांधत बसायची. दिनानाथ शेजारी बसून बघायचा. दोरा मधेच सैल पडायचा, ती पुन्हा गुंडाळायची, हात झटकायची, पुन्हा धरायची. तिचे वेढे वाकडेतिकडे बसत होते. एकदा त्यानं हात पुढं केला तर तिनं कापड आपल्याकडं ओढून घेतलं.

मांडणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती मनगट दाखवायला मुरूडला गेली. पडदा बांधून पुरा झाला होता, टोपलीत ठेवला होता. दिनानाथनं तो सहज उचलून बघितला. पहिलाच दोरा हातात सुटून आला. हे पिंपात गेलं की सगळीकडं रंग शिरणार, नुसते निळे डाग पडणार, आणि तिची एवढ्या दिवसांची मेहनत वाया जाणार, असं त्याला वाटलं. त्यानं तो एक दोरा घट्ट केला. मग शेजारचा केला. मग मांडी घालून बसला आणि सगळेच सोडून पुन्हा बांधले. बांधताना त्याला इतकं बरं वाटत होतं की कोकिळाची आठवणही राहिली नव्हती. ती परत आली तेव्हा टोपली जागच्या जागी होती. तो ओटीवर पेपर उघडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी ओढायला आणि पिंप हलवायला क्रांतीनं त्याला बोलावून घेतलं. म्हणून पडदे रंगून, धुऊन सुटले तेव्हा तो पडवीतच, हातात बादली घेऊन उभा होता. बायांनी दोरीवर एकेक कापड टाकलं. कोकिळाचा पडदा उलगडला आणि सगळ्या जवळ सरकल्या. गडद निळ्यावर पांढरी वर्तुळं, एका मापाची, एका ओळीत, कडा अशा स्वच्छ की छापल्यासारख्या.

प्रज्योत मोबाइल बाजूला ठेवून पुढं आला. "मावशी, हे तुमचं? एक नंबर. मला सगळ्या रूमला असेच पाहिजेत."

"प्लास्टर आत्ता निघालंय काकींचं," क्रांती कौतुकानं म्हणाली. "बघा हात कसा चाललाय!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कोकिळा पडद्याजवळ गेली. एक वर्तुळ बघितलं, मग दुसरं. मग तिनं मान वळवली आणि सगळ्या बायांच्या डोक्यांवरून सरळ दिनानाथकडं बघितलं. त्यानं बादली खाली ठेवली.

"हे माझं न्हाय," ती म्हणाली.

"म्हणजे काय काकी? नाव तुमचंच हाय की टोकाला."

"नाव माझं हाय. वेढे माझे न्हायत. माझ्या बोटांत एवढा जोर न्हाय अजून." आणि दोरीवरून पडदा काढून, ओला होता तसाच गुंडाळून, तिनं तो क्रांतीच्या हातात दिला. "ह्यांना विचारा."

सगळ्यांनी दिनानाथकडं बघितलं. पूनमनंही. त्यानं बादली उचलली आणि तो पाण्याला गेला.

घरी ती भांडली नाही. जेवण वाढलं, आपण जेवली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशीही तेच. हवं-नको विचारायची, त्यापलीकडं शब्द नाही. तिसऱ्या सकाळी त्याला राहवेना.

"तुझा हात दुखत होता म्हणून केलं गो. सगळं सुटून आलं असतं."

"सुटलं असतं तर सुटलं असतं."

"वाया गेलं असतं."

"माझं गेलं असतं ना?" ती तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. "मी रडत आली होती तुमच्याकडं, की मला जमत न्हाय, तुमी करा? ह्या घरात मी जन्मभर सगळं केलं. शेत घराचं, गोठा घराचा, पोरी दोघांच्या. मला म्हणून काय होतं ते सांगा. एवढं एक नाव दिलं होतं माझ्या मनानं. हात मोडला म्हणून तुमाला धाडलं. माझी जागा धरून बसायला धाडलं होतं. तुमी ती घेऊनच टाकली."

 ऱ्हाऊ दे, मी करते, हे इतकी वर्षं तीच त्याला म्हणत आली होती, असं एकदा त्याच्या जिभेवर आलं. पण ते त्यानं गिळलं. ते खरं असलं तरी आत्ताच्या भांडणाचं नव्हतं.

तो उठला, शर्ट घातला आणि एसटीनं काशीदला गेला. प्रज्योतचं होमस्टे किनाऱ्याच्या रस्त्याला, सुरूच्या झाडांत होतं. रंगाचा वास येत होता, खिडक्यांना अजून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. दिनानाथनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो पडदा मी बांधला होता, बायकोला न सांगता. तिचं काम वेगळं आहे. तू जे बघून मागणी दिलीस ते तिचं नाही.

प्रज्योत ऐकत होता, मधेच गवंड्याला काहीतरी ओरडून सांगत होता. "काका, ते घरचं मॅटर तुमचं तुम्ही मिटवा," तो म्हणाला. "मला गाठी कोणाच्या त्याचं काय करायचंय? नाताळला बुकिंग फुल हाय. तोपर्यंत खिडक्यांना पडदे पाहिजेत. ते पाइपवाले तिरक्या रेषांचे बघितले मी, ते कोणी केलेत?"

"ते मीच केलेत."

"मग तेच द्या की."

एवढंच. आपण केवढं मोठं सांगायला आलो होतो आणि इथं कुणाला त्याचं काहीच नव्हतं, याचं दिनानाथला परतीच्या वाटेवर हसू आलं आणि वाईटही वाटलं.

कोकिळा अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यानं जे झालं ते तसंच सांगितलं, प्रज्योतच्या शब्दांत. ती ऐकताना हात थांबवून उभी राहिली.

"म्हणजे तुमी एवढ्या लांब जाऊन सांगितलं, आणि तो म्हणाला पडदे कधी देताय?"

"व्हय."

तिचे खांदे हलले. ती हसतेय हे त्याला उशिरा कळलं. बऱ्याच दिवसांनी हसत होती.

"मग करा की," ती म्हणाली. "पाइप तुमचा, पडदे तुमचे. गटाच्या नावानं द्या, क्रांतीला मी सांगते. मागल्या दारी बसा, तिथं पसारा काय घालायचा तो घाला. आणि माझ्या टोपलीला हात लावायचा न्हाय. बिघडलं तरी, सुटलं तरी."

"न्हाय लावणार."

हे पाळणं सोपं गेलं नाही. तो मागल्या दारी पाइपवर वेढे द्यायचा आणि ती पुढं ओटीवर बांधत बसायची. पाणी प्यायला आत जाता-येता त्याची नजर टोपलीकडं जायचीच. वर्ग संपला तरी पिंप गटासाठी शाळेच्या पडवीतच राहिलं होतं; तिचा स्वतःचा पहिला पडदा त्यातून निघाला तेव्हा निम्मी वर्तुळं फुटली होती, काही ठिकाणी नुसते फिकट डाग. ती ते कापड दोरीवर टाकून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दिनानाथ पिंपात काठी फिरवायला गेला. तिनं तेच कापड वाळवून पुन्हा बांधलं आणि पुन्हा बुडवलं. या वेळी डागांवर डाग बसले, कुठं फिकट, कुठं गडद. ओहोटीला मचव्याखालचा चिखल दिसतो तसं काहीसं झालं. सुंदर म्हणावं की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही. तिनं त्याला विचारलंही नाही. त्याचा पलंगपोस करून तिनं घरातल्याच पलंगावर घातला.

पुढं तिनं बांधणं सोडून टाक्यांचं काम धरलं. कापडावर खडूनं ओळी काढायच्या, मोठे टाके घालायचे आणि दोरा ओढून चुण्या पाडायच्या. त्याला मनगटाचा जोर कमी लागतो, आणि शिवणाचा हात तिला पहिल्यापासून होता. ओळी ती सरळ काढायची नाही, मनाला येईल तशा वळवायची. एका दुपारी मागल्या दारी येऊन तिनं शिवलेली, रंगलेली, सुकलेली उशीची एक खोळ त्याच्यापुढं टाकली.

"दोरे काढा. माझी नजर पोचत न्हाय बारक्याला."

त्यानं हात पुसले. कात्रीचं टोक एकेका टाक्याखाली घालून, कापडाला न लागू देता, तो दोरे काढत गेला. ती शेजारी पाटावर बसून बघत राहिली.

नाताळाच्या आधी दोघं पडदे लावायला काशीदला गेली. प्रज्योतनं खिडक्यांची वर्तमानपत्रं काढली होती. पहिला पडदा दांडीवर चढला आणि समुद्राकडून आलेल्या उन्हानं तिरक्या रेषांमधलं पांढरं पेटल्यासारखं झालं. दिनानाथ मागं सरकून बघत राहिला. कोकिळानं खालची कड चिमटीत धरली.

"ही शिवण वाकडी हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"इथं. उतरवा. मी घालते नीट." आणि थांबून म्हणाली, "घालू ना? पडदा तुमचा हाय."

"घाल," दिनानाथ म्हणाला.

तिनं तिथंच फरशीवर बसून कड उसवली आणि पुन्हा घातली. प्रज्योत चहा घेऊन आला तेव्हा तिच्या पिशवीतून ती वळणावळणांची खोळ बाहेर आली होती. त्यानं उचलून बघितली.

"मावशी, ह्या उशांना चालतील. किती देता?"

"आत्ता एकपण न्हाय," कोकिळा दातांनी दोरा तोडत म्हणाली. "हात बसू दे माझा. पावसाच्या आधी ये विचारायला."

"सीझन जाईल की मग."

"जाऊ दे," ती म्हणाली. "पुढचा येईल."

प्रज्योतनं दिनानाथकडं बघितलं, काकांनी मधे पडावं म्हणून. दिनानाथ चहात बिस्किट बुडवत होता. त्यानं मान हलवली नाही, वर बघितलं नाही, आणि बिस्किट मोडून पडायच्या आत तोंडात टाकलं.